सुमनने सांगितलेलं अर्धं

आष्टीच्या सोयऱ्यांनी माझ्या बहिणीला, सुमनला, फसवलं. घरातली एक गोष्ट झाकून सून नेली, आणि तीच गोष्ट तिच्या पोटी दिसली तेव्हा तिला परत पाठवलं. सुमन वारली त्याला आता दीड महिना होतो. त्या दिवशी मी वर्ध्याच्या बाजारात भाजीच्या लिलावात होतो. तिच्या कॉलेजचा शिपाई सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "भाऊ, मॅडम वर्गातच कोसळल्या..." वांग्याचा भाव माझ्या तोंडातच राहिला.

नालवाडीच्या आमच्या भाजी विकणाऱ्या घरातली ती पहिली बी.एस्सी. लग्न मीच ठरवलं. डोक्यावर टोपलं घेऊन सुरुवात केलेला मी, सौद्यात मला कोणी हरवत नाही. पण त्या बैठकीत समोरच्यांनी काय लपवलंय ते मला दिसलं नाही. गरोदरपणी सासूने तिला रोज ओलं खोबरं चारलं, नातू गोरा व्हावा म्हणून. आणीबाणीच्या वर्षी मंदा झाली. केस, पापण्या, कातडी, सगळं पांढरं, उजेडात डोळे मिटणारी. सासू म्हणाली, "इतकं खोबरं काऊन खाल्लं वो बाई?" बारसं झालं आणि मायलेकी नालवाडीत आल्या.

सुमन मग अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवू लागली. उत्परिवर्तनाचा धडा आला की मंदालाच वर्गात नेऊन बसवायची. मला लाज वाटायची. एकदा भांडायलाच गेलो आणि दारात थबकलो. ती सांगत होती, "एका पेशीच्या दोन होताना आतल्या सगळ्या सूचनांची नक्कल उतरते. कधी नकलेत चूक होते. बऱ्याच चुका कळतही नाहीत, काही नडतात, एखादी कामाची निघते. रंगाची एक सूचना बिघडली तरी जोडीची धड असली की भागतं. चूक पिढ्यान्पिढ्या लपून राहते. आई आणि बाप, दोघांकडूनही बिघडलेलीच आली, तर माझी मंदा."

मागच्या बाकावरून कोणी म्हणालं, "म्हंजे मॅडम, खोबऱ्यानं नाई होत?" वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्यानं मंदा हसली.

पुढे आष्टीच्या आठवडी बाजारात एका म्हातारीने मला सांगितलं, की आमच्या जावयाची, म्हणजे सुमनच्या नवऱ्याची, आत्या मंदासारखीच होती. दिवसा तिला मागच्या खोलीत ठेवत. मी पेटून घरी आलो. "आत्ता जातो अन् त्याहीले भर चौकात उभं करतो!"

सुमन चहा गाळत होती. "जाय ना. पण आपलं अर्धं बी सांगजो, दादा. माह्याकडून बी आलं ते. म्हंजे आपल्या माय नाईतर बाबाकडून. तुह्यातही असन."

माझ्या मुली तेव्हा लग्नाच्या होत्या. मी चपला काढून खाली बसलो... मुलींची लग्नं मी ते अर्धं न सांगताच लावली, आणि त्या दिवशी खाली गेलेली मान तिच्यासमोर पुन्हा वर झाली नाही.

तेरवीला जावई आले, मांडवाबाहेरच उभे राहिले. मंदा टोपी सावरत त्यांच्यापुढे गेली. "बाबा, तुमच्या घरी माह्यासारखं कोणी होतं का?"

"आठवत नाई," एवढं बोलून ते एस्टी धरायला गेले.

अर्धं आमचं आहे. माझ्या मुलींच्या सासरी हे वाचलं जाईल, हे धरूनच मी छापायला लिहून दिलं आहे. उरलेलं अर्धं तुमचं, जावईबापू. तुमच्या आत्याचं नाव काय होतं? नालवाडीला या, आणि ते मंदाला सांगा.