दोन टाक्या आणि एक वॉल्व

काल हुडको वसाहतीतल्या शिकवणीत मी फळ्यावर दोन टाक्या काढल्या. त्यांना जोडणारी नळी, नळीवर वॉल्व. एकीत वायू, दुसरी रिकामी. वॉल्व उघडल्यावर दाब किती? लिहिता लिहिता हात थांबला.

बारावीत हेच गणित मी घरी सोडवत होते. रसमड्याच्या एका कारखान्यात ठेक्यावर टाक्या साफ करणारे बाबा बशीतला चहा फुंकत वहीत डोकावले.

"तुह्या गणितात बंद वॉल्व पक्का बंद राहते का व?"

"तसं मानायचं असते, बाबा."

"वा! आमचा ठेकेदारबी हेच म्हनते. लाइनमंदी लोखंडी प्लेट टाकून गॅस रोका म्हटलं, तं म्हनते टाइम नाही, वॉल्व बंद हाय ना!"

"मंग तुमी टाकीत उतरू नका."

"मी नाही उतरलो तं दुसरा उतरन. त्याच्या घरीबी पोरगी असनच ना."

ते हसले. तेव्हा मला ती थट्टा वाटली. आता त्या हसण्यातली भीती ऐकू येते.

त्याच आठवड्यात ते रिकामी टाकी साफ करायला उतरले. बंद वॉल्वमधून शेजारचा वायू तिच्यात झिरपत राहिला होता. ठेकेदार त्यांच्या मृत्यूला अपघात म्हणाला. मी त्याला खून म्हणते, आणि आमच्या कामगार संघटनेच्या प्रत्येक पत्रकात तसंच लिहिते.

आई पत्रकं वाचत नाही. ती एवढंच विचारते, "त्यायले लय घुसमटलं असन का व?"

"नाही आई. त्या गॅसले वासबी नसते. त्यायले समजलंच नसन."

ती मान हलवते. थोड्या वेळाने पुन्हा विचारते.