सुवर्णा मॅडमची फाइल उघडेना

हसणार नसाल तर सांगतो. छे, हसाच! मी तरी तोंड कुठे लपवू?

चाकणच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. डिझाइनला लातूरच्या सुवर्णा मॅडम नव्याने आलेल्या. साच्यांची अवाढव्य ड्रॉइंग करायच्या. फाइल उघडायलाच इतका वेळ जायचा, की संध्याकाळची कंपनीची बस हमखास चुकायची. घरी लहान लेक वाट बघतेय, आणि इथे पडद्यावर फिरतं चक्र!

"फिरायलंय बगा सर, नुसतं फिरायलंय!"

मला वाईट वाटलं हो. म्हटलं, "तुमच्या मशीनमध्ये नवी वेगवान डिस्क बसवतो. आता बस चुकली तर नाव बदलेन!"

बसवली. वेग मोजला. खोक्यावर लिहिलेल्याच्या निम्मासुद्धा नाही!

चिंचवडच्या दुकानदाराला फोन लावला. "नितीनभाऊ, खराब माल दिलात!"

"राव, मशीनच्या आतल्या बोर्डावर केबल कुठं लावलीय ते बघा की आधी."

"मला शिकवता? जन्म गेला माझा यात!"

बिचाऱ्याने डिस्क बदलून दिली. वेग तोच. अगदी आकड्यासकट तोच! मी केबल बदलली, पंखा लावला, विजेला शिव्या घातल्या. अहो, दोन वेगळ्या डिस्क एकाच आकड्यावर अडतात, तर दोष डिस्कचा कसा असेल? पण सुचायला तर हवं!

शेवटी टॉर्च घेऊन बोर्डावर वाकलो. डिस्क जोडायच्या चिप दोन. मुख्य चिप वेगवान. दुसरी नुसती जादा जोडण्यांसाठी, तिची वाटच अरुंद. आणि केबल मी नेमकी तिलाच जोडलेली! हायवेवरचा ट्रक स्वतःच्या हाताने गावठाणाच्या बोळात घातला होता की मी!

केबल मुख्य चिपला जोडली. वेग एकदम दुपटीहून जास्त! नितीनभाऊंची माफी मागितली. मग अख्खा विभाग गोळा केला.

"मॅडम, उघडा फाइल!"

क्लिक. चक्र.

"सर... फिरायलंय."

"अशक्य! फाइल आहे कुठे?"

"सर्व्हरवर की, खालच्या खोलीतल्या. आपल्या मशीनवर काही ठेवायचं नाही म्हणून तुम्हीच बजावलंय ओ सर."

म्हणजे नवी डिस्क पळो नाही तर झोपो, फाइल तिच्या वाटेला कधी गेलीच नव्हती!

कुणी हसलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. मॅडमनी तर पाण्याचा ग्लास पुढे केला. हळूच म्हणाल्या, "जाऊ द्या सर, तुम्ही लई केलात. त्या सर्व्हरचं कोण बघतं? त्याला सांगू आपण."

मी ग्लास एका दमात रिकामा केला.

सर्व्हरही मीच बघतो!