कडं, नाक अन् कुवेतची मेमसाब

चहा खाली ठेवा आधी. हाव, ठेवाच! नाही तं हसता हसता अंगावर सांडून घ्याल अन् मंग माझ्या नावानं बोंबलाल. माझ्या हातून जे झालं ना, ते आमच्या कोराडीच्या कॉलनीत अजून कोणाच्याच हातून झालं नाही. लोकं आडवे आले का माणूस अडते. मी आडवी आली, तं माझी बहीण थेट कुवेतले पोचली!

मी बेबी. नाव बेबी, पण उंचीनं बाबाच्या कानाले लागते. दहावीले एकदा बसली, तेव्हापासून बसलेलीच आहे. बाबा पॉवर हाउसात कामाले. तिथल्या कोळशाच्या राखेचं तुम्हाले सांगायले नको. सकाळी दोरीवर पांढरा कपडा टाकला का संध्याकाळी करडा होऊन घरात येते. अन् अशा जागी राहून आमच्या ताईनं शिकावं काय? नर्सिंग! डोक्यापासून पायापर्यंत पांढरं! तिची साडी आई खोलीतच वाळवे, खिडकी लावून. आम्ही घामानं भिजत, पण साडी वाळे.

ताई पास झाली, नर्सिंग कौन्सिलात नाव लागलं, अन् तिच्या बॅचच्या सगळ्या पोरींले एकच वेड. परदेश! हॉस्टेलात केरळच्या पोरी होत्या, त्यांले सगळे रस्ते पाठ. कोणाची मावशी कुवेतले, कोणाची आत्या लंडनले. त्या ताईले शिकवत, आधी वार्डात काम कर, पासपोर्ट काढून ठेव, एजंटच्या नादी लागू नको, तिकडची मेट्रन स्वतः निवडायले येते तेव्हा उभी राह्य. ताईनं सगळं तसंच केलं. अन् एक दिवस निरोप आला, कुवेतच्या दवाखान्याची गोरी मेट्रन नागपूरले येऊन राहिली म्हणून.

बाबा म्हणाले, "एकदा उभी राहून पाह्य, पोरी. घेतलं तं मी अडवत नाही. नाही घेतलं तं इथंच सरकारी दवाखान्यात लागायचं. मंग त्या कुवेताचं नाव काढायचं नाही."

"हाव बाबा," ताई म्हणाली. पण त्या दिवशी तिनं भाजीत मीठच टाकलं नाही. तेव्हाच मले समजलं, हिचा जीव तिकडं लागला.

आता खरं सांगू का? मले ते अजिबात पटलं नव्हतं. मोठ्यानं मी म्हणे, "जा ना बाप्पा, माझी खाट मोकळी होईन!" पण मनात विचार करे, माझी वेणी कोण घालीन? शाळेतून तक्रार आली का आईपुढं माझ्या बाजूनं खोटं कोण बोलन? झोपताना पाठ कोण खाजवून देईन? आईले सांगितलं तं आई खराटा घेऊन खाजवन!

तशात ताईनं प्रॅक्टिस सुरू केली, अन् पेशंट कोण? मीच! कधी माझं डोकं मोडे, कधी खांदा निखळे. सकाळी उठली का ताई पट्ट्यांचं भेंडोळं घेऊन हजर. त्या हिवाळ्यात मी धडधाकट अशी दिसलीच नाही कोणाले. सुई टोचायले संत्रे होते. ताई त्यायले टोचे अन् इंग्रजीत समजूत काढे, "डोन्ट फियर, नो पेन." संत्रं काही बोलत नसे. मंग टोचलेले सगळे संत्रे मी खाऊन टाके. अजूनही संत्रं सोललं ना, का मले तिचं ते "नो पेन" ऐकू येते.

आता माझी एक कला सांगायची राहिली. मले चक्कर येते. म्हणजे येत नाही, मी आणते. गणिताचा पेपर असला का आणते, नळावर पाण्याले जायचं असलं का आणते. अशी सपशेल पडते का बाया धावत येतात, कांदा आणतात, कोणी चप्पल हुंगवते. पण ताईपुढं ही कला एकदा दाखवली अन् फसली. ती शांतपणे बाजूले बसली, माझा हात उचलून माझ्याच तोंडावर धरला, अन् दिला सोडून. हात माझ्या कानाजवळून हळूच गादीवर उतरला.

"ऊठ वं नाटकी!" ताई म्हणाली.

"तुले कसं समजलं?"

"खरी बेशुद्ध असती तं हात धाडकन नाकावर पडला असता. नाटकी माणूस आपल्या नाकाले जपते."

असं का! मी ते नीट ध्यानात ठेवलं. म्हटलं, आता पुढच्या वेळी पाह्यते तुले.

अन् पुढची वेळ कोणती आली, सांगा बरं?

निवडीच्या दिवशी हरेक पोरीनं आपल्यासोबत एक माणूस आणायचा होता, पट्ट्या बांधून दाखवायले. ताईनं मलेच नेलं. निघताना आई दारात आडवी.

"बेबे, ते हातातलं कडं काढ! पेशंट आहे का पैलवान?"

देवीच्या जत्रेतलं जाडजूड पितळी कडं होतं ते. मी म्हटलं, "मी पेशंट हाताची नाही, डोक्याची आहे."

"ते तं सगळ्या कॉलनीले माहीत आहे," आई म्हणाली.

बसमध्ये ताई साडीवर प्लास्टिकचा कागद गुंडाळून बसली होती, राख पडू नये म्हणून. दुकानातल्या नव्या खुर्चीसारखी दिसे. सारी वाट ओठातल्या ओठात इंग्रजी पुटपुटत होती. मधेच माझा हात धरून म्हणाली, "बेबे, आज शहाण्यासारखी राह्य हं. मले दुसरा चान्स नाही."

मी म्हटलं, "हाव ना."

नर्सिंग शाळेचा हॉल. खाटा ओळीनं मांडलेल्या. आमच्या बाजूच्या खाटेवर कोणाची तरी आत्या पेशंट होऊन आली होती, ती पट्टी बांधायच्या आधीच घोरायले लागली. अन् ती मेट्रन मेमसाब! गोरी नाही हो, गुलाबी! उंच, केस पांढरे, छातीवर उलटं घड्याळ टाचलेलं. सोबत ताईच्या शाळेच्या मोठ्या सिस्टर, ज्यांच्या खोकल्यानंही पोरी उभ्या राहत.

ताईनं माझं डोकं बांधलं. काय बांधलं! एक सुरकुती नाही. मंग माझा डावा हात झोळीत अडकवला. मेमसाबनं एक बोट पट्टीत घालून पाहिलं अन् म्हणाली, "गुड. व्हेरी गुड."

ताई हसली. असं हसली का मले तिचं गेल्या कितीतरी दिवसांचं हसणं खोटं वाटलं. अरे बाप्पा, ही तं जाऊन राहिली!

मंग काय! विचार करायले डोकं लागते, अन् माझं डोकं तं पट्टीत होतं. मनात म्हटलं, पेशंट जर पट्टी बांधल्या बांधल्या कोसळली, तं मेमसाब काय म्हणन? पोरीनं पट्टी आवळली म्हणन! फेल करन! झालं. मी डोळे फिरवले, "आई गं!" म्हटलं, अन् खाटेवर उताणी.

एकच गोंधळ! बाजूची आत्या जागी होऊन ओरडली, "मेली! पोट्टी मेली!"

मोठ्या सिस्टर धावल्या, "पाणी आणा! पट्टी सोडा आधी!"

ताई माझ्या कानाशी वाकली. "बेबे, ऊठ." दातओठ खाऊन. "ऊठ वं. तुझ्या पाया पडते."

मी मेलेलीच.

मंग ताई सरळ उभी राहिली. अन् म्हणाली, "पाणी नको, मॅडम. हिले काहीच झालं नाही. नाटक करून राहिली."

मोठ्या सिस्टर ओरडल्या, "बेशुद्ध पेशंटले नाटकी म्हणतेस? मेमसाबपुढं?"

"दाखवते," ताई म्हणाली. अन् तिनं माझा उजवा हात उचलला. तोच कड्याचा!

हात माझ्या तोंडावर तरंगला तशी मी मनातल्या मनात हसली. ताईबाई, हा धडा तूच शिकवला ना मले? आता पाह्यच! या वेळी मी नाकाले अजिबात जपणार नव्हती. हात एकदम सैल सोडायचा, लोंबत्या दोडक्यासारखा.

ताईनं सोडला. मीही सोडला.

धाड!

ते कडं नाकावर असं बसलं का डोळ्यापुढं दिवाळी झाली! तरी मी हूं का चूं केलं नाही. कलाकार आहे शेवटी! पण नाकातून काहीतरी गरम गरम ओठावर आलं. म्हटलं, हे काय बाप्पा? एक डोळा इतकासा उघडला. पांढरी उशी. पांढरी झोळी. अन् त्यावर लाल!

आता एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली होती. मी कोणाले भेत नाही. सापाले नाही, हेडमास्तरले नाही. पण रक्त... माझं स्वतःचं रक्त...

पुढचं मले माहीत नाही. कारण या वेळी मले चक्कर खरोखरची आली.

जे झालं ते मंग त्या आत्यानं सांगितलं. मोठ्या सिस्टर ताईवर डाफरत होत्या, "बस झालं तुझं, हो बाजूले!" ताई बाजूले व्हायलेच लागली होती. तितक्यात तिची नजर माझ्या तोंडावर गेली, अन् ती एकदम बदलली म्हणे. मोठ्या सिस्टरले चक्क कोपरानं सरकवलं, मले कुशीवर वळवलं, गळ्याचं बटन उघडलं, एका हातानं नाक दाबून धरलं, अन् समोर जे कोण उभं होतं त्याच्यावर इंग्रजीत ओरडली, "यू! होल्ड लेग्ज! अप! अप!"

समोर कोण उभं होतं? मेमसाब!

अन् मेमसाबनं गुपचूप माझे पाय धरले.

मी डोळे उघडले तं काय दिसावं? पायापाशी गुलाबी मेमसाब, वाकलेली, माझे दोन्ही पाय हातात! कोराडीची राख लागलेले पाय! मले दुसरं काय वाटणार? घाबरून उठायले गेली अन् म्हटलं, "अवं राहू द्या, राहू द्या! पाया कायले पडता?"

मोठ्या सिस्टरच्या तोंडातून खोकला फुटला का हसू, ते अजूनही कोणाले समजलं नाही.

मेमसाबनं पाय खाली ठेवले, हात पुसले अन् ताईले विचारलं, पहिल्यांदा खोटं अन् दुसऱ्यांदा खरं, हे तुले कसं समजलं? मोठ्या सिस्टरनं मराठीत सांगायच्या आधीच ताई बोलली. इतके दिवस घोकलेलं एक वाक्य तिले आठवलं नाही. जे आलं ते बोलली.

"फर्स्ट टाइम, आईज शेकिंग, मॅडम. सेकंड टाइम, नो शेकिंग. लिप्स व्हाइट." अन् मंग माझ्याकडं बोट दाखवून, "माय सिस्टर, मॅडम. आय नो हर."

मेमसाबनं माझं सुजलेलं नाक पाहिलं, ताईचं तोंड पाहिलं. अन् मंग हसली. इतकी हसली का छातीवरचं घड्याळ हलायले लागलं. ताईच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "यू कम."

झालं! बाकीच्या पोरींले कळवू म्हणाली, अन् आमच्या ताईले जागेवरच पास केलं!

परतीच्या बसमध्ये मी दोन्ही नाकपुड्यांत कापूस कोंबून बसली होती. कंडक्टर म्हणाला, "काय झालं वं पोरी? कोणाशी मारामारी केली?"

"नाई," मी नाकात म्हटलं, "बहिणीले कुवेतले पाठवलं."

कंडक्टरनं दुसऱ्यांदा काही विचारलं नाही. डोक्याले पट्टी होतीच माझ्या.

ताईनं माझ्या नाकातला कापूस बदलून दिला. मंग हळूच म्हणाली, "बेबे, खरं सांग. मले फेल करायले पडली ना तू?"

मी कापसाकडं बोट दाखवलं. नाक बंद होतं ना.

तिनं माझी वेणी पट्टीखालून बाहेर काढली अन् बसल्या बसल्या परत घालून दिली. रागावलीसुद्धा नाही. रागावली असती तं बरं झालं असतं!

अन् घरी काय? बाबा जिलेबी घेऊन आले. साऱ्या कॉलनीत सांगत फिरले, "माझ्या लहानीनं बहिणीसाठी रक्त सांडलं!" शेजारच्या बाया माझं नाक पाहायले येत. मी जिलेबी खात गेली. खरं बोलायले तोंड मोकळं कुठं होतं?

मंग तिचं तिकीट आलं. नागपूर स्टेशनवर मुंबईची गाडी लागली. तिकडून विमान होतं. आई रडून राहिली, बाबा उगाच हमालाशी भांडून राहिले. ताईची ट्रंक आत चढली. गार्डानं शिट्टी फुंकली, अन् माझ्याकडं दुसरा काही उपायच राहिला नाही. मी डोळे फिरवले अन् तिथंच प्लॅटफॉर्मवरच्या बाकड्यावर उताणी झाली.

"अगं बाई, बेबी!" आई किंचाळली.

ताई गाडीच्या दारातून खाली उतरली. माझ्याजवळ बसली. माझा हात उचलून तोंडावर धरला. कडं होतंच हातात. मी वाट पाहून राहिली. आता सोडन, मंग सोडन. गाडीनं भोंगा दिला, तरी तिनं सोडला नाही. आपल्या हातात घट्ट धरून ठेवला, मंग हळूच माझ्या पोटावर ठेवला अन् कानाशी म्हणाली,

"नाक सांभाळ हं, बेबे. आता पट्टी बांधायले मी नाही."

अन् मी काय केलं असन? इतकी वर्षं चक्कर आणणारी, पक्की कलाकार मी... डोळे गच्च मिटलेले, अंग सैल सोडलेलं, एकदम ठार बेशुद्ध...

अन् "हाव" म्हणून मान हलवली!