गाडीतल्या देवाचं काय झालं?

परवा फोनवर तू सहज विचारलंस, "आजी, गाडीचा विमा नव्यानं भरताना किती घासाघीस करायची असते?" मी तुला दोन-चार कामाच्या गोष्टी सांगितल्या आणि फोन ठेवला. पण त्यानंतर बराच वेळ एक पिवळी गाडी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. माझ्या नोकरीतलं ते काही मोठं प्रकरण नव्हतं. खून नाही, दरोडा नाही. तरीही मला जी प्रकरणं कधी पचली नाहीत, त्यात ते पहिलं आहे. तू आणि तुझी बहीण, दोघांनी ते वाचावं म्हणून लिहून काढते आहे. नावं कोणाचीच लिहीत नाही.

मी तेव्हा कोल्हापूर शहरातल्या एका ठाण्याची प्रभारी निरीक्षक होते. शनिवारी सकाळची हजेरी आटोपली होती, रात्रपाळीचे लोक घरी निघाले होते, एवढ्यात एक फाउंड्रीमालक फिर्याद द्यायला आले. वय चाळिशीचं, कपडे कडक इस्त्रीचे. त्यांची परदेशी स्पोर्ट्‌स कार बंगल्याच्या आवारातून रात्रीतून चोरीला गेली होती. ही गाडी सगळ्या शहराला ठाऊक होती. दोनच माणसं बसतील एवढी, पिवळीधमक आणि जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. आपल्या रस्त्यांवर तिचं पोट घासायचं. म्हणून रविवारी मालक ती बाहेर काढत तेव्हा घरचा ड्रायव्हर शेजारी बसायचा. गतिरोधक आला की तो उतरून पुढे जायचा, वाकून बघायचा आणि हातानं खुणा करून गाडी अलगद पार करून द्यायचा. लोक हसायचे. मालकांना त्याचं काही वाटायचं नाही, ड्रायव्हरलाही नाही.

या ड्रायव्हरला घरात सगळे 'मामा' म्हणत. कोडोलीच्या पलीकडच्या एका गावचे, पन्नाशी ओलांडलेले. मालकांचे वडील हयात होते तेव्हापासून याच घरात. फिर्यादीत मालकांनी संशयित म्हणून त्यांचंच नाव दिलं. गाडीच्या दोन किल्ल्या होत्या. एक मालकांजवळ आणि दुसरी बंगल्याच्या आवारातल्या मामांच्या खोलीत खिळ्याला. ती दुसरी किल्ली आता जागेवर नव्हती.

दुपारी गगनबावड्याहून निरोप आला, घाटात एक गाडी जळून गेली आहे. सांगाडा आणि चाकं एवढंच उरलं होतं, पण सांगाड्यावरच्या क्रमांकावरून ओळख पटली. मालक म्हणाले, चोरांना गाडी खपवता आली नसेल, म्हणून पेटवून दिली.

फिर्यादीत नाव आलं की त्या माणसाला बोलवावंच लागतं. आमची जीप मामांच्या गावाला गेली. तिथे चैत्री यात्रेची तयारी चालली होती. गावाची सासनकाठी, म्हणजे जोतिबाला नाचवत न्यायची ती उंच काठी, रंगवून झाली होती. ती पेलण्याचा मान मामांच्या घराण्याकडे चालत आलेला. काठीला नवं कापड बांधत असतानाच त्यांना आमच्या माणसांनी गाडीत बसवलं. सगळं गाव उभं राहून बघत होतं. माझ्या अनुभवात, पोलिसांची जीप दारात थांबली की गावाच्या लेखी निकाल लागलेला असतो. पुढचं न्यायालय नंतर येतं.

चौकशीत मी स्वतः बसले. मामा रडले नाहीत, चिडलेही नाहीत. किल्ली खिळ्यालाच हुती, मी काठीच्या कामाला रजा घेऊन गेलतो, असं एकाच सुरात सांगत राहिले. मालकांनी तुमच्यावर संशय घेतला आहे, हे सांगितलं तर म्हणाले, "मालक घाबरलं असतील. तसं न्हाईत ते." गाडी जळाल्याचं मात्र त्यांना तोवर कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ते खुर्चीवरून उठलेच.

"सायेब, गाडीतल्या देवाचं काय झालं?"

गाडीत पुढच्या काचेजवळ जोतिबाची बोटभर पितळी मूर्ती चिकटवलेली होती. घोड्यावर बसलेला देव. गाडी घेतली त्या दिवशी मालकांनी जोतिबाच्या डोंगरावर नेऊन गुलाल लावून आणलेला. मामा रोज गाडी पुसताना आधी त्याला पुसत. आपली नोकरी जाणार, अटक होणार, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. पुनःपुन्हा तेवढंच विचारत होते, पितळ जळतंय काय, वितळतंय काय.

मी गगनबावड्याला माणूस पाठवला. पंचांसमक्ष राख चाळून घेतली. देव सापडला नाही. वितळलेल्या पितळेचा गोळाही नाही.

रविवारी दुपारी विमा एजंट आपणहून ठाण्यात आला. माणसं पोलिसांकडे आपणहून येतात ती बहुधा खरं सांगायला नव्हे, तर आपलं नाव कुठे येऊ नये म्हणून. हाही त्यासाठीच आला होता. पण त्यानं सांगितलं ते कामाचं निघालं. विमा उतरवताना गाडीची एक किंमत धरतात. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण जळाली तर कंपनी तेवढी रक्कम देते. दर वर्षी नूतनीकरण करताना ही किंमत खाली येते. मालकांच्या गाडीचा विमा त्याच रविवारी संपणार होता.

"मॅडम, महिनाभर ह्या माणसानं मला झोपू दिलं न्हाई," एजंट म्हणाला. "हप्ता कमी कर म्हणायचं, पर गाडीची किंमत कमी धरू नगंस. मी म्हटलं, दादा, दोन्ही एकदम कसं जमणार? दुसऱ्या कंपन्यांचे दर काढलं, सायबांपर्यंत जाऊन आलो. आनि बुधवारी मीच फोन केला तर म्हणतोय, राहू दे रे, काय घाई न्हाई."

त्यात वावगं काय, असं मी विचारलं. विचार बदलला असेल.

"कोल्हापूरचं गिऱ्हाईक भांडून उठून जातंय न्हाईतर घेऊन जातंय, मॅडम. महिनाभर घासून मधीच गप्प बसत न्हाई."

हे मला पटलं. दुकानात भाव करताना अर्ध्यात थांबणारा माणूस एकच असतो, ज्यानं दुसरीकडे सौदा ठरवलेला आहे. जुन्या विम्यात गाडीची किंमत जास्त होती. ती वसूल करायला मुदत संपायच्या आधी गाडी नाहीशी व्हायला हवी होती. पण एवढ्यावर गुन्हा उभा राहत नाही. पुरावा हवा होता.

सोमवारी मी मालकांच्या बंगल्यावर त्यांच्या आईचा जबाब घ्यायला गेले. मालक कारखान्यात होते. म्हातारीनं चहा दिला, मामांसाठी हळहळली, पोटच्या पोरासारखा होता म्हणाली. देवघर बैठकीच्या शेजारीच होतं. टाकांच्या रांगेत, पुढ्यात, बोटभर उंचीचा पितळी जोतिबा उभा होता. थोडा कलंडलेला, कारण त्याच्या तळाला काळ्या चिकटपट्टीचा जाड तुकडा अजून तसाच होता. घोड्याच्या कानाच्या खाचेत गुलाल.

हा देव घरात कधी आला, असं मी विचारलं.

"परवा शुक्रवारी की. माझ्या पोरानंच आणून दिला. म्हणला, आई, गाडी कामाला जाणार हाय, देव घरात असू दे."

ती निष्पापपणे बोलली. आपण काय बोललो हे तिला कळलं नव्हतं आणि मी तिला सांगितलंही नाही. दोन पंच बोलावले. मूर्ती उचलण्याआधी मी हातपाय धुतले, कारण तिच्या डोळ्यांत तेवढीच एक काळजी होती.

संध्याकाळी मालक ठाण्यात आले. सुरुवातीला म्हणाले, अशा दोन मूर्ती होत्या. मी त्यांच्यापुढे बंगल्यातून पंचांसमक्ष आणलेला, गाडीच्या दसऱ्याच्या पूजेचा फोटो ठेवला. त्यात गाडीतला देव जवळून दिसत होता. घोड्याचा डावा कान तुटका. समोर टेबलावर मुद्देमालाच्या पाकिटातला देव, डावा कान तुटका. त्यांनी पाकीट उचलून उलटंपालटं केलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "देव कसा जाळायचा, मॅडम?"

"आणि मामांना?" मी विचारलं.

माझा प्रश्न त्यांना समजलाच नाही. खोटं वाटेल तुम्हाला, पण त्या चेहऱ्यावर लाज नव्हती, राग नव्हता. नुसता गोंधळ होता. मामांचा इथे काय संबंध, असा.

मग त्यांनी सगळं सांगितलं. गाडी त्यांनी स्वतः घाटात नेली होती, मागून एक मित्र दुसरी गाडी घेऊन आला होता. मामा रजेवर जायची वाट बघितली होती आणि खिळ्यावरची किल्ली उचलली होती. सांगून झाल्यावर खुर्ची पुढे ओढून ते बोलू लागले तेव्हा मला एजंटचं महिनाभराचं दुखणं कळलं. "असं करू या की, मॅडम. मी विम्याचा दावाच करत न्हाई. कंपनीचं नुकसान न्हाई, तुमचं न्हाई. मग गुन्हा राहतोय कुठं? कायतरी मधला मार्ग काढू या." मी नाही म्हटलं. तरी जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, निदान एखादं कलम कमी होतंय का.

मामांना आम्ही त्याच रात्री सोडलं. त्यांच्याविरुद्ध काहीही नाही, असं मी गावच्या पोलीस पाटलांना स्वतः फोन करून कळवलं. यात्रा चार दिवसांवर होती. पण काठी त्या वर्षी दुसऱ्या घराला दिली. गावातल्या जाणत्यांचं म्हणणं पाटलांनी मला जसंच्या तसं ऐकवलं, "सोडलंय म्हणजे धरलं हुतं की." डोंगरावर बंदोबस्ताला मी होते. गुलालानं माखलेल्या गर्दीत मामा कडेला उभे दिसले. पांढरे कपडे, अंगावर गुलालाचा कणही नाही. त्यांच्या गावाची काठी पुढून गेली तेव्हा त्यांनी हात जोडले. पुढच्या वर्षी बघू, असं गाव म्हणालं होतं. ते वर्ष मग आलंच नाही.

दोषारोपपत्र मी मुदतीत दाखल केलं. खटला उभा राहायला वर्षं गेली. मी निवृत्त झाले, तुमची आई तुम्हाला घेऊन, तुम्ही आता राहता तिकडे गेली, आणि मग मला साक्षीचं समन्स आलं. न्यायालयात म्हातारीनं शपथेवर सांगितलं, हा देव पहिल्यापासून घरातलाच आहे. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. दसऱ्याच्या फोटोबद्दल मालकांचे वकील म्हणाले, पूजेपुरता देव गाडीत ठेवला होता. मग मामा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आले. आपली काही तक्रार नाही, किल्ली आपल्याकडूनच हरवली असेल, पोलिसांनी काय लिहून घेतलं ते आपल्याला ठाऊक नाही, असं म्हणाले. सरकारी वकिलांनी त्यांना फितूर जाहीर केलं. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब न्यायालयात पुरावा होत नाही. मालक सुटले. मुद्देमालातला देव त्यांना परत देण्याचा आदेश झाला.

बाहेर व्हरांड्यात मामा भेटले. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "मालकांनी परत बोलावलं, सायेब." आणि जायला वळताना, "दुसरं कोण बोलावत हुतं?"

त्यांना चोर कोणी ठरवलं, हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्या एकाच माणसाकडे त्यांना काम होतं, कारण मामा चोर नाहीत हे खात्रीनं जाणणारा तो एकटाच होता.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी फोनवर अर्धंच दिलं. विम्याची घासाघीस जरूर कर, त्यात गैर काही नाही. फक्त काय कमी करून मागतो आहेस आणि ते कोणाच्या वाट्याचं कमी होणार आहे, हे आधी बघ. देवाला भिणारी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. पण ती देवाला भितात म्हणून त्यांच्यापासून माणसं सुरक्षित आहेत, असं या प्रकरणानंतर मी कधी धरून चालले नाही.

मालक देव परत न्यायला न्यायालयात आले त्या दिवशी मीही दुसऱ्या एका साक्षीसाठी तिथे गेले होते आणि रिक्षाची वाट बघत फाटकापाशी थांबले होते. आवारातून मालकांची नवी गाडी आली, चंदेरी, आधीच्या पिवळीहून बुटकी. काचेजवळ तुटक्या कानाचा घोडा परत चिकटवलेला होता. फाटकातच गतिरोधक आहे. गाडी थांबली, शेजारचं दार उघडलं, मामा उतरले. आता त्यांना वाकायला वेळ लागत होता. गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी गाडीखाली बघितलं, मग माझ्याकडे पाठ करून हात हलवला, येऊ द्या, येऊ द्या. गाडी कुठेही न घासता बाहेर पडली.