एक कप म्हणजे पाव किलो

माहेरच्या गावाहून, कुहीहून, मी निघाले तेव्हा एसटीच्या खिडकीशी उभी राहून आईने एवढंच सांगितलं, "तिथल्या बायकांले शिकवाले जाऊ नको वं. हसतीन तुले." लग्नाला आठ दिवस झाले होते. नवरा खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला. कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार, याचं तुम्हा बहिणींना केवढं अप्रूप!

सत्तरच्या दशकातली ती कॉलनी. आज सांगते, अप्रूप वाटावं असं तिथे फार काही नव्हतं. दर बुधवारी महिला मंडळ भरे. मोठ्या साहेबांची बायको, जिला सगळ्या मॅडम म्हणत, आम्हाला केक शिकवी. कृती तिच्या अमेरिकेतल्या बहिणीने पत्रातून धाडलेली, सगळी मापं कपात. आमच्याकडे सामान किलोने येई, म्हणून मॅडमने हिशोब सोपा करून टाकला: एक कप म्हणजे पाव किलो. मैदा दोन कप, म्हणजे अर्धा किलो. वीसेक बायकांनी माना खाली घालून लिहून घेतलं. त्यातल्या दोघी बी.ए. होत्या.

मी धानाच्या गावची. पायलीभर तांदूळ उचलताना हात खाली जातो, पायलीभर कोंडा लहान पोरगीही एका हाताने नेते, हे कळायला मला शाळा लागली नव्हती. मी म्हटलं, मॅडम, मैदा हलका असतो, एका कपात पाव किलो मावणार नाही.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमचं शिक्षण किती हो?"

"सातवी."

"मग लिहून घ्या."

बायका हसल्या. आईला सगळं आधीच ठाऊक होतं.

त्या आठवड्यात कॉलनीभर विटा भाजल्या गेल्या. कोणी अंड्यांना दोष दिला, कोणी ओव्हनला. एकीने व्होल्टेज कमी पडलं म्हणून सांगितलं, तेही वीज केंद्राच्या भिंतीला लागून राहून. मैद्यावर कोणाचा संशय गेला नाही, कारण मैदा मॅडमने सांगितला होता.

मी कप घेऊन किराणा दुकानात गेले. दुकानदाराने तोलून दाखवलं: कपभर मैदा सव्वाशे ग्रॅम, कपभर साखर दोनशे. वहीत टिपलं आणि शेजारच्या सुमनताईच्या ओव्हनमध्ये केक लावला. छान फुगला. ती बातमी सुमनताईच्या पोटात राहते थोडीच! दुसऱ्याच दिवशी मॅडमचा निरोप आला, वही पाठवा.

पुढच्या बुधवारी मॅडमने माझीच मापं सांगितली. बहिणीचं नवं पत्र आलं म्हणे. सगळ्यांनी पुन्हा माना खाली घालून लिहिलं. सुमनताईनेही. त्या बायांचा मला राग आला नाही. रागावण्याइतकी किंमतही त्यांची उरली नव्हती.

पण उठताना मॅडमने गोड आवाजात विचारलं, "तुमचं माहेर कुठलं?" आणि मी, जिचं वजन बरोबर निघालं होतं ती मी, पटकन म्हणाले, "नागपूर."

मॅडमच्या चोरीपेक्षा माझं ते उत्तर हलकट होतं.

आता आई नाही. नागपुरात, नंदनवनात, आमचं घर झालंय. माहेर कुठलं म्हणून कोणी विचारलं की मी कुहीच सांगते. पण मी गावात येते तेव्हा तुम्ही चेष्टेने म्हणता, "नागपूरवाली आली वं." तेव्हा मी हसत नाही. काहून, ते आज सांगितलं.