सक्षम प्राधिकारी

"पास कुठी आहे?" नाक्यावरच्या वनरक्षकानं खुर्चीतून न उठता काठी आडवी केली. माह्या सायकलीले दोन हिरवे बांबू बांधले होते.

मी सांगितलं, घरी बायको मरून पडली आहे. तिरडीले पाहिजेत. सकाळीच आमच्या गावच्या जंगलातून तोडले.

तो नातवाच्या वयाचा. म्हणाला, "सक्षम प्राधिकाऱ्याचा पास लागते, बुढ्या. बुढीले म्हणाव, पास काढून मरायचं होतं."

बाजूचे दोघं हसले. मी हात जोडले. हो, जोडले. ते आजही टोचते. बांबू त्यानं उतरवून घेतले.

तिचा भाऊ आलापल्लीहून येऊन बसला होता. ऊन उतरत होतं. शेवटी बाजेवरच नेली तिले. बाज आखूड. पाय बाहेर लोंबत होते. पन्नास वर्षांचा संसार, अन् मी ते पाय हातात धरून चाललो.

मी दुसरी शिकलो. 'सक्षम प्राधिकारी' हा शब्द समजला नव्हता, पण डोक्यातून जाईना. कोणी मोठा साहेब असन, नागपुरात बसत असन, असंच वाटे. तिचे दिवस झाल्यावर अंगणवाडीच्या बाईले विचारलं. ग्रामसभेचे कागद तीच लिहिते. तिनं वनहक्काचं पुस्तक काढलं, बोट ठेवून वाचलं. आमच्या गावाले जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आहे. तिथल्या बांबूचा वाहतूक पास ग्रामसभाच देते.

"म्हणजे कोण?"

"तुम्ही, बाबा. मी. सारेच."

म्हणजे बायकोही. हक्क मागायच्या ठरावावर तिचा अंगठा आहे. पास देणारीच पासावाचून अडली.

मंग बाईनं कपाटातून बांबूच्या पासांचं बुक काढलं. छापून तयार. ग्रामसभेचा आमचा अध्यक्ष हरएक पास वनखात्याच्या साहेबाच्या ऑफिसात नेऊन शिक्का मारून आणे. काऊन, तर साहेब नाराज व्हायले नको. हक्क हाती येऊन वर्षं झाली, अन् आम्ही आपल्याच सहीले दुसऱ्याची परवानगी मागत होतो. त्या वनरक्षकापेक्षा मले आमचाच राग आला.

पुढच्या सभेत मी उठलो. जन्मात कधी बोललो नव्हतो. पासांचं बुक मागून घेतलं. अध्यक्ष म्हणाला, "बायको गेल्यापासून बुढा भ्रमिष्ट झाला." म्हटलं, झालो असन. पण बुक सोडलं नाई. बायाच पहिल्यांदा बोलल्या, सही यानंच करावी.

आता सही मी करतो. वाकडी येते. परवा ऑफिसातून निरोप आला, पासावर शिक्का मारून घेऊन जा, नाई तर केस करू. मी उलट निरोप धाडला. केस करा. नाव माहं लिहा. शिक्का मागाले आमच्या गावातून कोणी येणार नाई.