धुर्पताक्काची पिल्लं

धुर्पताक्काला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका माणसाला पट्ट्यानं मारत होती.

धुळ्यात मुलींच्या शाळेत मला नुकतीच नोकरी लागली होती. आग्रा रोडच्या अलीकडच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे, तिच्यामागे एक खोली रिकामी आहे, असं कुणीतरी सांगितलं म्हणून मी पिशवी घेऊन तिकडे गेले, तर गिरणीसमोर गर्दी. मधोमध पन्नाशीची, रुंद खांद्यांची, केसांपासून पायांपर्यंत पिठानं माखलेली बाई. हातात गिरणीच्या तुटलेल्या पट्ट्याचा तुकडा. तो माणूस गुडघ्यांवर आला होता आणि त्याच्या काळ्या सदऱ्यावर प्रत्येक फटक्याची पांढरी रेघ उमटत होती. बाजूला पडलेलं पोतं आपोआप हलत होतं. त्यात कुत्र्याची पिल्लं होती. तो ती पांझरा नदीत टाकायला निघाला होता.

"तू बस पोतामा," अक्का त्याला म्हणाली, "मी टाकस तुले पानीमा. मंग सांग माले कसं लागस ते."

तो माणूस पोतं सोडून पळाला. अक्कानं पोत्याची गाठ दातांनी सोडली, पिल्लं ओच्यात घेतली आणि तशीच माझ्याकडे वळली. मी खोली पाहायला आल्याचं सांगितलं. गिरणीच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे तिला हळू बोलता येत नसे. "कुत्रं चालस ना तुले?" ती ओरडली. मी हो म्हटलं. त्या क्षणी दुसरं काही म्हणायची माझी छाती नव्हती.

अक्का मारकी आहे हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. नवरा गेल्यावर दिरानं गिरणीला कुलूप ठोकलं होतं. अक्कानं पहारीनं कुलूप तोडलं आणि त्याच पहारीनं दिराचं डोकं फोडलं. त्याला टाके पडले, गिरणी हिच्याकडे राहिली. एवढा राग कुठून आला असेल, नवरा मारत असेल का, असं मला वाटायचं. एकदा धीर करून विचारलं. ती खूप हसली. "मना नवरा गाय व्हता, गाय. घरमा माराचं खातं मनाकडेच व्हतं."

आग्रा रोडवर ट्रकांची रांग तुटत नसे. कुत्र्या चिरडल्या जायच्या आणि पिल्लं नाल्याच्या पाइपात कुंईकुंई करत राहायची. मोकाट कुत्र्यांना विषाची भजी टाकणारेही होते. तशी एखादी कुत्री तोंडाला फेस येऊन पडलेली असायची आणि पिल्लं तिला लुचतच असायची. अक्का आधी त्यांना ओढून बाजूला करायची, त्यांची तोंडं धुवायची, मग गिरणीत आणून मोटरीच्या उबेला रिकाम्या पोत्यांवर ठेवायची. कापसाची वात दुधात बुडवून ती पिल्लांच्या तोंडात धरायची. डोळे उघडले की ज्वारीच्या पिठाची पातळ पेज. सगळी पिल्लं पिठानं पांढरी झालेली असत. खरा रंग कळायला एकेकाला धुवावं लागे. बरीचशी मरायचीही. मेलेलं पिल्लू ती फडक्यात गुंडाळून पांझरेच्या काठी पुरून यायची आणि त्या दिवशी गिऱ्हाइकांची धडगत नसे.

मोठं झालेलं एकही पिल्लू मात्र ती स्वतःकडे ठेवत नसे. "गिरणीमा उंदीर राहस," ती म्हणायची. "कुत्राले घर लागस." घर ती स्वतः जाऊन बघायची. दळण घेऊन येणारा कुणी पिल्लू मागायला लागला की त्याच्या घरी जायची, मग ते साक्रीकडचं खेडं असो की शेजारची गल्ली. दारात गाय, बैल, शेळी जे काही असेल त्याच्याजवळ उभी राहायची आणि एकाएकी हात वर उचलायची. जनावरानं मान आत घेतली, डोळे मिटले, की अक्का चहासुद्धा न घेता परत. "माणूस कसा शे ते त्याना जनावरले इचार," हे तिचं ठरलेलं बोलणं. त्या घराबद्दल शेजारीपाजारी काय म्हणतात याची ती पर्वा करत नसे.

पांढरी नावाची कुत्री तिनं अशीच पारखून एरंडोलजवळच्या एका गावात दिली होती. घर शेतकऱ्याचं, घरधन्याचं नाव सुधाकर. दारात खिल्लारी जोडी. अक्कानं हात उचलला तरी बैलांनी रवंथ थांबवला नाही. ती खुशीत परत आली होती.

वर्षभरानं पद्मालयाच्या गणपतीला जायचं निघालं, तेव्हा अक्का म्हणाली, येताना पांढरीला बघून येऊ. मी तिच्याबरोबर होते. दुपारी आम्ही त्या घरी पोचलो. सुधाकर शेतात गेलेला. त्याची आई ओट्यावर धान्य निवडत बसली होती. पांढरी कुठे म्हणून विचारलं तर तिनं मान न उचलता मागच्या अंगणाकडे हात केला. "पिसाळनी ती."

पांढरी पिसाळली नव्हती. तिला लिंबाच्या झाडाला तारेनं बांधलं होतं. तार गळ्याच्या मांसात रुतून बसली होती. मागचा एक पाय मांडीपासून लोंबत होता आणि त्यावर माश्या बसल्या होत्या. अक्काला बघून तिनं शेपूट हलवायचा प्रयत्न केला. तिच्यासाठी वाटीत पाणी घेऊन एक बाई उभी होती. विशी-बाविशीची, अंगानं बारीक. ती त्या घरची सून, रंजना.

डोक्यावरून घसरलेला पदर सावरायला अक्कानं हात वर नेला, आणि रंजना एकदम खाली बसली. वाटी पडली. दोन्ही हातांनी डोकं झाकून, डोळे मिटून ती तशीच बसून राहिली.

अक्काचा हात हवेतच राहिला. मग तिनं तो अगदी सावकाश खाली घेतला. रंजनाच्या कानाची पाळी फाटलेली होती, मनगट सुजून काळंनिळं झालं होतं. हे सगळं आता आम्हाला दिसलं.

अक्का पांढरीपाशी बसली आणि तारेचे पीळ उलगडू लागली. तिच्या बोटांना रक्त लागलं. तार सुटल्यावर तिनं पांढरीला उचलून छातीशी धरलं आणि निघायला वळली. तेव्हा मागून रंजना बोलली. आवाज इतका लहान की मला आधी ऐकूच आला नाही.

"कुत्रासाठे तुम्ही धुळाहून उनात, अक्का. माले लेवाले कोनीच उनं नही."

अक्का थांबली. "माहेर?"

"तठेच धाडतस परत. आते ते रॉकेलनं नाव लेतस."

अक्कानं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चप्पल घाल."

तिला चप्पल नव्हती. ती तशीच निघाली. ओट्यापाशी सासूनं तिचा अंबाडा धरला आणि आरडाओरडा सुरू केला. अक्काचे हात गुंतलेले होते. तिनं खांद्यानं अशी धडक दिली की म्हातारी ओट्यावरून धान्यासकट खाली गेली. आम्ही तिघी जवळजवळ पळतच रस्त्याला लागलो. रावेरकडून केळी घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्यानं आमची अवस्था बघून काही न विचारता थांबून आम्हाला गाडीत घेतलं.

पांढरी रंजनाच्या मांडीवर होती. ट्रकमध्ये रंजनानं सांगितलं. सुधाकर तिला लाकडानं मारत होता, तेव्हा पांढरीनं त्याचा हात धरला आणि सोडेना. त्यानं पहार घेऊन तिचा पाय मोडला. मग रोज येता-जाता एक लाथ. हे सांगताना रंजना रडत नव्हती, पांढरीचे कान कुरवाळत होती. पारोळा यायच्या आत पांढरी गेली. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, खड्डा करायला चाक खोलायची लोखंडी टॉमी दिली. माती लोटून झाल्यावर अक्का हात न झटकता उभी राहिली.

"बैल दखात मी," ती म्हणाली. "बाई नही दखी."

पुढच्या रविवारी सुधाकर आला. बरोबर दोन चुलतभाऊ, तिघांच्या हातात काठ्या. मी खोलीत होते. आवाज ऐकून बाहेर आले तोवर गिरणीतले डबे आडवे झाले होते आणि सगळीकडे पीठ उडत होतं. सुधाकर रंजनाला हाताला धरून फरफटवत होता. अक्का दारात आडवी झाली. त्यातल्या एकानं पायाशी आलेलं पिल्लू उचललं आणि तिच्यादेखत उंबऱ्याच्या दगडावर आपटलं. पिल्लू ओरडलंसुद्धा नाही.

त्यानंतर काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. अक्काच्या हातातला पट्टा. काठीचा फटका तिच्या डाव्या कोपरावर बसला तेव्हा झालेला कट् आवाज. तो हात लोंबत असताना उजव्या हातानं तिचं मारणं. पट्ट्याच्या टोकाची लोखंडी कडी एका भावाच्या भुवईवर लागली आणि तो डोळा धरून पळाला. दुसरा त्याच्यामागे गेला. सुधाकर पडला. गल्लीतले लोक उभे होते, कुणी पुढे आलं नाही. अक्का त्याला मारतच राहिली. त्यानं हात जोडले, तरी मारत राहिली. त्याच्या तोंडातून रक्त आलं, पिठात मिसळलं, तिचा पट्टा थांबेना. मी तिला मागून मिठी मारली तर तिनं मला झटकून टाकलं.

"अक्का, पुरे," रंजना ओरडली. "मरी जाई तो. पुरे, अक्का."

तेव्हा ती थांबली.

पोलीस आले, दोन्हीकडचे जबाब झाले. फौजदार समजुतीच्या सुरात म्हणाले, "अक्का, नवरा-बायकोचं भांडण आहे. पोरीला परत पाठवा, आम्ही त्याला दम देतो." अक्काचा हात गळ्यात बांधलेला होता. ती म्हणाली, "साहेब, तुमनी पोर असती तं दम दीसन धाडता का?" फौजदारांनी पुढे तो विषय काढला नाही. रंजना राहिली. सुधाकरनं पुन्हा धुळ्यात पाऊल टाकलं नाही. काडीमोडाचा दावा मात्र बरीच वर्षं चालला.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. रंजना अक्काला घाबरू लागली. अक्का गिरणीत आली की ती पोत्यांच्या थप्पीमागे पिल्लांजवळ जाऊन बसायची. अक्कानं वाढलेलं ताट तसंच राहायचं. मी दिलं तर खायची. अक्का गिऱ्हाइकाशी नेहमीसारखी ओरडून बोलली तरी तिचे हात डोक्याकडे जायचे. एका संध्याकाळी अक्का माझ्या दारात येऊन बसली. मोडलेला हात तिनं मांडीवर घेतला.

"मास्तरीण, ही माले त्यानासारखीच समजस," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तिनं तुम्हाला मारताना पाहिलंय, अक्का."

"मी तिनासाठे मारं ना."

"हो. पण फटका तर तसाच दिसतो."

माझ्यावर ती चिडेल असं वाटलं होतं. ती उठून गेली. सकाळी तिनं तो पट्टा कोपऱ्यावरच्या चांभाराला देऊन टाकला. चपलांचे तळ कर म्हणाली. गिरणी सुरू असताना तिनं बोलणंच सोडलं. गिऱ्हाइकाला हातानं खुणावायची, आणि तो हातही कमरेच्या वर जाणार नाही इतका जपून. तिच्यासारख्या बाईला हे किती जड गेलं ते मी बघत होते. डावा हात नीट जुळून आलाच नाही. डबे उचलता येईनात. एका दुपारी ज्वारीचं पोतं तिच्या हातून निसटायला लागलं आणि थप्पीमागून रंजनानं येऊन दुसरं टोक धरलं. त्या रात्री रंजना अक्काच्या ताटाशेजारी ताट घेऊन बसली.

हळूहळू गिरणी रंजनानंच हाती घेतली. जात्याचे झिजलेले दगड टाकी मारून पुन्हा खरखरीत करायलाही शिकली. पिल्लांसाठी घर बघायला आता दोघी जात. अक्का बाहेर गोठ्यापाशी थांबायची आणि रंजना सरळ चुलीपाशी जाऊन बसायची. घरातल्या बाया तिच्याशी कशा बोलतात, पुरुष आत आला की बोलणं तुटतं का, हे ती ऐकायची. कधी बाहेर येऊन नुसती मान हलवायची, की पिल्लू परत पिशवीत. काही घरांतल्या बाया पुढे दळणाचं निमित्त करून गिरणीत येऊ लागल्या. एकदोघी थोडे दिवस राहूनही गेल्या.

माझी बदली जळगावला झाली, लग्न झालं, तरी जाणं-येणं होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अक्काच्या छातीत पीठ बसलं. दम लागायचा, खोकताना ओठ काळे पडायचे. शेवटी भेटले तेव्हा तिनं मला माझ्या पोरांबद्दल विचारलं, मग म्हणाली, "रंजीले लगीन कराले नको सांगू. तिले जे पटी ते करू दे." मी हो म्हटलं.

ती गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पहिल्या बसनं धुळ्याला गेले. स्मशानात दिराचा मुलगा पुढे झाला. अग्नी आम्ही देणार, ही कोण परकी, म्हणून त्यानं रंजनाच्या हातातलं मडकं ओढलं. मडकं फुटलं. माणसं कुजबुजायला लागली. त्यानं तिला ढकललं तेव्हा रंजनानं त्याचं मनगट धरलं आणि धरून ठेवलं. बरीच वर्षं पोती उचललेला तो हात होता.

"दादा, गोंधळ नको," ती हळू आवाजात म्हणाली. "अक्का अजून आठेच शे."

तो बाजूला झाला. कुणीतरी दुसरं मडकं आणलं. रंजनानं अग्नी दिला आणि ज्वाळा वर चढेपर्यंत ती समोर उभी राहिली.

परत आलो तेव्हा गिरणीचं दार उघडताच पोत्यांमागून ओरडा सुरू झाला. आग्रा रोडवरून आदल्या दिवशी आणलेली पिल्लं सकाळपासून उपाशी होती. शेजारणींनी आंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं. आधी अंगावर पाणी घे, मग कशाला शिव, असं त्या म्हणत होत्या. रंजनानं स्टोव्ह पेटवला आणि दूध तापत ठेवलं.